जुन्या रबराचा पावसाळा

पावसाळ्यावर गोड गोड लिहिणाऱ्या माणसांना एकदा आमच्या डोंगरात आणून सोडावं, असं मला दर श्रावणात वाटतं. खांद्याला लसींचा निळा डबा अडकवावा, समोर उतार दाखवावा आणि सांगावं, खालच्या पाड्यावर लेकरं घेऊन बाया बसल्या आहेत, उतरा. हिरव्या रंगाबद्दल नंतर बोलू. हिरवं मलाही दिसतं. डांबराच्या कडेनं जे हिरवं चढत येतं ते शेवाळ असतं, आणि त्याच्यावर चाक गेलं की माणूस आडवा होतो.

मी आरोग्य सेविका आहे. नाव सुरेखा, पण विसरवाडीच्या मागे डोंगरात जे पाडे आहेत तिथं मला सगळे सिस्टर म्हणतात. विसरवाडीत हायवेच्या आत दोन गल्ल्या सोडून आमची भाड्याची खोली. रात्रंदिवस सुरतेकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज, आणि पावसाळ्यात त्या आवाजालाही ओल धरलेली. खोलीपासून शेवटच्या पाड्यापर्यंतचा रस्ता तीन प्रकारचा आहे. आधी उखडलेलं डांबर, मग मुरूम, मग भाताच्या खाचरांमधून गेलेली काळी चिकणमाती. मुरूम संपून माती सुरू होते तिथंच उतार आहे, आणि उतारावर एक वळण. एका बाजूला फोडलेला खडक, दुसऱ्या बाजूला साग. खडकातून पाणी झिरपतं ते दिवाळीपर्यंत रस्त्यावरून वाहत राहतं. वळणापलीकडचं वरून दिसत नाही आणि खालूनही दिसत नाही.

यंदाही ते पाणी वाहतंय. काल त्याच्यावरून गेले आणि तीन वर्षांपूर्वीचा तो सगळा पावसाळा घशाशी आला.

त्याच्या आदल्या वर्षापर्यंत माझ्याकडे स्कूटी होती. खालच्या नाल्याच्या फरशी पुलावरून पाणी गेलं की स्कूटी अलीकडे ठेवावी लागायची आणि पुढचं सगळं पायी. दोन पाडे करून परत यायला अंधार पडायचा. मग एकदा माहेरी, लोणखेड्याला गेले असताना शेजारचा कॉलेजचा मुलगा पुण्याला निघाला होता आणि त्याची गिअरची, जाड टायरची सायकल विकायची होती. मी ती उचलून बघितली. खांद्यावर घेऊन नाला ओलांडता येईल एवढीच जड होती. त्याच दिवशी घेतली. तिचे टायर मात्र झिजून तळहातासारखे झाले होते.

माझा नवरा, आप्पा, नवापूरच्या पोल्ट्रीत सुपरवायझर आहे. संध्याकाळी तो घरी आला की कोंबड्यांच्या खाद्याचा आंबूस वास त्याच्याआधी दारातून आत येतो. त्या दिवशी त्यानं सायकल बघितली, हात धुतले, जेवला आणि ताट सरकवता सरकवता घरच्या बोलीत म्हणाला, "लोके काय म्हनतीन?"

"काय म्हणतील?"

"पाटीलनी सून सायकलवर डोंगरमा फिरी ऱ्हायनी."

मी म्हटलं, स्कूटीवर फिरते तेव्हा कुणी काही म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, टायर घ्यायचे असतील तर नानाकडून घेऊ, घरचं दुकान आहे. त्या मऊपणाचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. उलट मला बरं वाटलं. वाटलं, मान्य केलं बिचाऱ्यानं.

नाना म्हणजे माझे मोठे दीर. नवापुरात त्यांचं सायकलींचं दुकान आहे. आमच्या घरात धाकट्या सुनेनं मोठ्या दिरासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि थेट बोलायचं नाही, अशी रीत आहे. अकरा वर्षांत नानांनी माझ्याशी एक शब्द थेट बोललेला मला आठवत नाही. मी समोर उभी असले तरी ते शेजारच्या माणसाला सांगत, "तिले सांग." रोज चाळीस बायांशी बोलणारी बाई मी, नानांच्या दुकानात मात्र पदर ओढून भिंतीला टेकून उभी राहायची.

दुकानात त्या दिवशी रबराचा वास आणि पत्र्यावर पावसाचा ताशा. नानांनी वर बघितलं. पत्र्याला लागून एका आडव्या नळीवर टायर ओवलेले होते. काठीनं दोन काढले, फडक्यावर कसलंसं पॉलिश घेऊन पुसले आणि आप्पासमोर धरले.

"तिले सांग, हाई टायर देख कसं चमकी ऱ्हायनं. नवंकोरं शे. पानीमा बी चाली."

मला टायरमधलं तेव्हा काही कळत नव्हतं. चकचकीत काळं रबर, त्यावर दाट ठोकळ्यांची नक्षी. नक्षी खोल म्हणजे पकड चांगली, एवढंच डोक्यात. मी पदराआडून आप्पाला विचारलं, ओल्या रस्त्यावर घसरणार नाही ना? आप्पानं नानांकडे बघितलं. नानांनी आप्पाकडे बघितलं. मग आप्पा मला म्हणाला, "नही घसरत."

त्या दोघांचं ते बघणं मी नंतर पुष्कळदा आठवलं आहे. भांडी घासताना, बसमध्ये, लस टोचताना.

बारा-तेरा दिवस सायकल चालवली. डांबरावर शेवाळ असलं की मागचं चाक हलकेच बाजूला सरकायचं, आणि मला वाटायचं, माझंच चुकतंय, सवय नाही. काळ्या मातीत तर दाट ठोकळ्यांच्या फटी अशा भरून जायच्या की टायर नव्हे, मातीचं गोल कडं फिरतंय. दर शंभर पावलांवर उतरून काडीनं माती काढायची. तरी मी स्वतःलाच दोष देत होते. ही आम्हा बायकांची जुनी खोड. वस्तू वाईट निघाली तरी आधी आपला हात तपासायचा.

मग तो बुधवार. लसीकरणाचा दिवस, डबा खांद्याला, पाऊस बारीक. वळणावर वाहत्या पाण्यात पुढचं चाक शिरलं आणि तिथून पुढं हँडल माझं राहिलंच नाही. ब्रेक लावलाही नव्हता. चाक सरळ डावीकडे गेलं, मी उजवीकडे. हात टेकवता आला असता, पण पडता पडता दोन्ही हातांनी मी डबा छातीशी धरला, म्हणून सगळा भार खांद्यावर आला. आतून काडी मोडल्यासारखा आवाज ऐकू आला. गालाखाली मुरूम होता, तोंडात पाणी, आणि डोळ्यांसमोर ते पुढचं चाक हवेत फिरत होतं. चमकत होतं.

खालच्या शेतातल्या बायांनी मला उचललं. एकीनं डबा उघडून बघितला आणि हसून मान हलवली. बाटल्या शाबूत होत्या. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

सहा आठवडे हात गळ्यात. त्या सहा आठवड्यांत पाऊस एक दिवस थांबला नाही. भिंतीला बुरशी, उशीला वास, एका हातानं वेणी घालता येत नाही म्हणून केसांचा गुंता. आप्पा स्वयंपाक करायचा, आणि पोळी उलटता उलटता रोज एकदा तरी म्हणायचा, "मी सांगेल व्हतं ना तुले?" नानांचा निरोप आला तोही त्याच्याच तोंडून. "नाना बोलना, टायरले काय व्हयेल नही. जिले चालाडता येत नही, ती पडस."

खिडकीतून हायवे दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. पडल्या पडल्या मी त्या निरोपातला एकेक शब्द चघळत राहायचे. राग येणं मला नवं नव्हतं. पण हा राग वेगळा होता, त्याला अजून पत्ता सापडला नव्हता.

तो पत्ता हमीदा आपांनी दिला. हायवेला लागून त्यांचं ट्रकच्या टायरांचं पंक्चरचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच चालवतात. साठीच्या आसपास वय, कोपरापर्यंत काळे हात, आणि गोड बोलण्याची सवय अजिबात नाही. ट्रकवाले ड्रायव्हर त्यांना वचकून असतात. हात मोकळा झाल्यावर वाकलेली रिम सरळ करून घ्यायला मी सायकल तिकडे ढकलत नेली. त्यांनी ती उलटी केली, पुढचं चाक फिरवलं आणि थांबवलं.

"सिस्टर, ये टायर किसने दिया?"

"घरच्यांनी. दुकान आहे त्यांचं."

"दुश्मनी है क्या कोई?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा अंगठा धरून टायरच्या ठोकळ्यावर दाबला. "नाखून गाड के देखो." नख रुतेना. मग त्यांनी दुकानातून मोटरसायकलचा एक नवा टायर काढला, त्यावर माझं नख दाबलं. रबर दबलं, नखाची खूण उमटली आणि हळूहळू पुसली गेली. "अच्छा रबर दबता, फिर उठता. तब्बी रस्ता पकडता. ये तो बरसों पत्रे के नीचे भुन के पत्थर हो गया." त्यांनी टायर वाकवला. बाजूला केसासारख्या बारीक चिरा उघडल्या, आणि चिरांमध्ये पॉलिश साचलेलं होतं.

"जिसने पॉलिश मारा उसको मालूम था," त्या म्हणाल्या आणि हातोडी घेऊन रिमला लागल्या.

मी विचारलं, ओल्यात चालणारा टायर कसा ओळखायचा? पैसे फार नाहीत. त्यांनी वर न बघता सांगितलं, आणि सांगताना इतक्या चिडलेल्या होत्या की जणू मीच तो जुना टायर विकला होता. ठोकळे दूर दूर असलेले घे, म्हणजे चिखल आपोआप झडून जातो. कडेचे ठोकळे टणक आणि उंच बघ, वळणावर गाडी त्यांच्यावर उभी असते. रबर मऊ बघ. दोन चांगले परवडत नसतील तर एकच घे आणि तो पुढे लाव. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. आणि पावसात हवा थोडी कमी. "टाइट हवा भर के सब खुश होते," त्या म्हणाल्या, "और फिर मेरे सामने लंगडते आते."

रिम झाल्यावर त्या म्हणाल्या, हे टायर इथंच टाकून जा, मी जाळते. मी नको म्हटलं. तसेच परत बसवून मागितले. त्यांनी माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

मला ते टायर नानांना दाखवायचे होते. खरं सांगायचं तर मला नाना त्या वळणावर पडलेले बघायचे होते. हे लिहिताना संकोच वाटायला हवा, पण वाटत नाही. माणसांची दुखणी निस्तरण्याच्या कामात मी आयुष्य घातलं आहे, आणि तरी कितीतरी दुपारी मी मनातल्या मनात नानांना त्या पाण्यात घसरवलं होतं.

नाना आले ते भादव्यातल्या एका रविवारी. मला समजावायला. डोंगरातली नोकरी सोडून सपाटीवर बदली मागावी, असं घरात ठरलं होतं. ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. आप्पा त्यांना आधी ती जागा दाखवायला घेऊन गेला. उताराच्या वर एक चहाची टपरी आहे, तिथं पाच-सहा माणसं पावसाला आडोसा धरून बसलेली. मी मागून सायकल ढकलत पोचले तेव्हा नाना चहा पीत त्या माणसांना सांगत होते, "टायरना काय दोष नही. नवंकोरं दिधं व्हतं."

मी पदर घेतला नाही.

"नाना," मी म्हटलं, "टायरमा दोष नही ना? मंग तुम्ही सायकलवर उतरा."

आप्पा म्हणाला, सुरेखा, काय बोलतेस? नानांनी सवयीनं आप्पाकडे तोंड केलं, "तिले सांग..." आणि थांबले, कारण सगळी माणसं त्यांच्याकडेच बघत होती. सायकलवाला माणूस, स्वतःचा माल, आणि समोर धाकट्या भावाची बायको. त्यांनी कप ठेवला. धोतर नव्हतं, पँट होती, तिचे पाय दुमडले आणि सायकलवर बसले.

पन्नाशीचा माणूस, पण बसणं सराईत होतं. दोन्ही ब्रेक हलके धरून ते निघाले आणि वळणाआड दिसेनासे झाले. मी श्वास धरून ऐकत होते. कशाचा आवाज येण्याची वाट बघत होते ते मला माहीत होतं. तो आवाज आला नाही. थोड्या वेळानं खालून, नाल्याच्या बाजूनं घंटी वाजली. एकदा, दोनदा, मग मजेत तीनदा.

टपरीतली माणसं हसली. कुणीतरी टाळी वाजवली. आप्पा माझ्याकडे वळून म्हणाला, "दिसनं ना आते?"

मला तिथं उभं राहवेना. मी उतार धरून खाली चालत सुटले. रडू येत होतं आणि ते आप्पाला दिसायला नको होतं. वळणाशी आले आणि पाय थबकले.

मुरूम संपून जिथं काळी माती लागते तिथं चाकाची एक रेघ होती, स्पष्ट, ताजी. आणि तिच्या शेजारून चपलांचे ठसे. चौकोनी टाचेचे, खोल, एकापुढे एक. वळणाच्या अलीकडून सुरू होऊन वाहतं पाणी ओलांडून वळणाच्या पलीकडे गेलेले. तिथून पुढं पुन्हा फक्त रेघ.

नाना उतरले होते. वरच्यांना दिसेनासे झाल्याबरोबर ते सायकलवरून उतरले होते, आणि आपल्याच टायरांची सायकल हातानं ढकलत, पायी चालत त्यांनी ते वळण पार केलं होतं.

तेवढ्यात ते सायकल ढकलत खालून वर आले, आणि वरून माझ्यामागे आप्पा आला. आम्ही तिघं त्या वळणावर. पाऊस बारीक होता, ठशांमध्ये पाणी भरू लागलं होतं. मी खाली बोट दाखवलं. आप्पानं बघितलं. नानांनी बघितलं, आणि मग आपल्या चपलांकडे बघितलं. त्यांना चिखल लागलेला होता.

अकरा वर्षांत पहिल्यांदा नाना थेट माझ्याशी बोलले.

"माले काय ईचारस? आप्पाले ईचार. तोच बोलना, नाना, जुनं काहीतरी बसाडी दे. आठ दिनमा कटाळी जाई, सोडी देई."

सागाच्या पानांवरून पाण्याचे मोठे थेंब पडत होते. आप्पा सायकलच्या साखळीकडे बघत होता, जणू तीच काहीतरी बोलली. विचारायचं काही उरलं नव्हतं. तोच म्हणाला, "तू पडशी असं माले वाटनंच नही. तू कटाळशी, असं वाटनं."

तो खोटं बोलत नव्हता. मला ते पटलं, आणि म्हणूनच राग वाढला. वाईट हेतूनं केलं असतं तर एक वेळ भांडून मोकळी झाले असते. पण याला मला पाडायचंही नव्हतं. मी थोडी कमी व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. आणि माझ्याबद्दल एवढा विचार करणाऱ्या माणसाला, वळणावर पाणी आहे आणि मी तिथून डबा घेऊन उतरते, याचा विचार करायला सवड झाली नव्हती.

त्या आठवड्यात मी एकटी बसनं नंदुरबारला गेले. तीन दुकानं फिरले. टायर दिसला की नख रुतवायचे, वाकवून चिरा बघायचे. पहिल्या दुकानदारानं टायर हातातून काढून घेतला, "मॅडम, भेंडी घेताय का?" मी म्हटलं, भेंडी शिळी निघाली तर भाजी बिघडते, हाड मोडत नाही. दुसऱ्याकडे रबर मऊ होतं पण ठोकळे दाट. तिसऱ्याकडे धूळ खात पडलेला एकच टायर मिळाला, आपल्याकडच्याच कंपनीचा, दिसायला बेढब, कुणी घेत नव्हतं. ठोकळे लांब लांब, कडेचे उंच, नख दाबलं की आत जायचं आणि वर यायचं. महागाचा नव्हता. एकच घेतला. मागच्या चाकाला लोणखेड्याच्या मुलाच्या ओळखीतून मिळालेला साधा, थोडा वापरलेला बसवला. हमीदा आपांनी पुढचा चढवला, अंगठ्यानं दाबून हवा थोडी सोडली आणि म्हणाल्या, "अब गिरी तो तेरी गलती." त्या बाईकडून एवढं कौतुक पुष्कळ झालं.

आता आप्पा नवापूरला नानांकडे राहतो. पोल्ट्री तिथून जवळ पडते, असं आम्ही दोघंही लोकांना सांगतो. रविवारी येतो. मेथी, नाहीतर अंडी आणतो, खोलीचा गळका कोपरा दुरुस्त करतो, आणि बोलायला सुरुवात करून मध्येच थांबतो. दोन-तीनदा त्यानं चुकलं म्हटलं. मी ऐकून घेतलं. त्याच्यापुढं काय करायचं असतं ते मला अजून सापडलेलं नाही. सगळे सांगतात, झालं गेलं. माझं हाड जुळलं आहे, पण पावसाळी हवेत दुखतं, आणि पावसाळा इथं चार महिने असतो.

काल रविवार होता. दुपारपासून पाऊस कोसळत होता. चार वाजता आप्पा दारात उभा राहून बाहेर बघत म्हणाला, "आज ऱ्हाई जाऊ का?"

मी म्हटलं, "पाचची बस आहे."

त्यानं छत्री उघडली. स्टँडच्या बाजूला गेला. मी दाराला कुलूप लावलं, सायकल काढली आणि उलट बाजूनं डोंगराकडे निघाले. लसीकरणाचा वार आता सोमवार आहे, म्हणजे दुसऱ्याच दिवशी लसीकरण होतं, आणि एवढ्या पावसानंतर रस्ता बघून ठेवायला हवा होता. वळणावर खडकातून पाणी नेहमीपेक्षा जास्त येत होतं. ब्रेकला हात न लावता मी त्यातून सरळ गेले. अंगात अजून तोच राग होता, पण चाक सरकलं नाही.

खाली बांधावर एक बाई एकटीच भिजत भाताचं तण काढत होती. मला बघून तिनं पाठ सरळ केली.

"सिस्टर, आज तर रविवार."

"रस्ता बघायला आले."

"कसा आहे?"

"वाईट," मी म्हटलं. "उद्या लेकरं घेऊन बसा. येते."